एम.आर.आय. : यंत्र, प्रतिमा आणि वैद्याची जबाबदारी

अलीकडे कटिशूलाचा रुग्ण वैद्यासमोर नाडी पुढे करण्याआधी हातातील मोठा लिफाफा पुढे करतो. "डॉक्टर, मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे आणि नस दबली आहे," एवढे निदान तो स्वतःच सांगून मोकळा होतो. लिफाफ्यातील काळ्या-पांढऱ्या फिल्म आपण दिव्यासमोर धरतो, अहवालाच्या शेवटी दिलेला निष्कर्ष वाचतो आणि मान हलवतो. फिल्मवर प्रत्यक्षात काय दिसते, ते का दिसते आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, याचा विचार आपल्यापैकी फार थोडे जण करतात. प्रस्तुत लेखाचा हेतू हा विचार सुलभ करणे हा आहे. हे यंत्र आपल्या चिकित्सेचे प्रतिस्पर्धी नव्हे आणि आपल्या यशाचे प्रमाणपत्र देणारे कार्यालयही नव्हे. ते प्रत्यक्ष प्रमाणाचे एक साधन आहे, आणि कोणत्याही साधनाप्रमाणे त्याला सामर्थ्य आहे तशाच मर्यादाही आहेत.

अयस्कान्त आणि आपण

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. सुश्रुताचार्यांनी शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कान्ताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, उल्लेख केला आहे. शरीरात रुतलेले लोहशल्य सरळ असेल, घट्ट अडकलेले नसेल आणि व्रणाचे मुख पुरेसे मोठे असेल, तर ते चुंबकाने ओढून काढावे, असा त्याचा आशय आहे. ही सूक्ष्म निरीक्षणाची गोष्ट असून तिचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु त्यावरून "एम.आर.आय. आमच्याकडे पूर्वीच होता" असे व्यासपीठावरून सांगणे हे सुश्रुतांवरही अन्याय करणारे आहे. त्यांनी चुंबकाचा उपयोग लोखंड ओढण्यासाठी केला. येथे चुंबकाचा उपयोग शरीरातील जलांशाकडून संकेत मिळविण्यासाठी होतो. दोन्ही गोष्टी भिन्न आहेत.

शोधाचा थोडक्यात इतिहास

अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात ठेवली असता ठराविक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखविले. त्याबद्दल त्यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दीर्घकाळ हे तंत्र प्रामुख्याने रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत राहिले. १९७१ साली रेमंड डमाडियन या वैद्यकीय संशोधकाने उंदरांतील अर्बुदाच्या ऊतींचा प्रतिसाद निरोगी ऊतींहून वेगळा असल्याचे प्रसिद्ध केले. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रात जाणीवपूर्वक चढ-उतार निर्माण करून प्रतिमा मिळविता येते, हे सिद्ध केले. इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनी त्यामागील गणित आणि जलद प्रतिमांचे तंत्र विकसित केले. जुलै १९७७ मध्ये डमाडियन यांच्या गटाने मानवी छातीचा पहिला छेद मिळविला, तेव्हा त्या एका छेदाला जवळजवळ पाच तास लागले होते. २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना देण्यात आले. डमाडियन यांचे नाव त्यात नव्हते. त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदविण्यात आला.

या तंत्राच्या मूळ नावात "न्यूक्लिअर" हा शब्द होता. रुग्णांना अणुबॉम्बची आठवण होऊ नये म्हणून तो पुढे गळला. वस्तुतः या परीक्षणात क्ष-किरण नाहीत आणि किरणोत्सर्गही नाही.

यंत्र कसे चालते?

शरीराचा निम्म्याहून अधिक भार जलाचा आहे आणि जल व मेद या दोहोंत हायड्रोजनचे अणू विपुल असतात. हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. हा प्रोटॉन अत्यंत लहान चुंबकाप्रमाणे वागतो. एरवी या असंख्य चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशांना असतात आणि एकूण परिणाम शून्य होतो. रुग्णाला यंत्राच्या बोगद्यात झोपविले की तेथील प्रबळ क्षेत्रामुळे यांपैकी काही प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने झुकतात. "काही" हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. दीड टेस्लाच्या यंत्रातही दहा लाखांमागे जेमतेम चार-पाच प्रोटॉनांचेच आधिक्य असते. तथापि शरीरात प्रोटॉनांची संख्याच इतकी प्रचंड आहे की तेवढ्यावरही काम भागते.

दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. एवढे क्षेत्र टिकविण्यासाठी विशिष्ट मिश्रधातूच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड ठेवलेली असतात. त्या तापमानाला तारेचा विद्युतविरोध नाहीसा होतो. म्हणूनच हा चुंबक तपासणी संपल्यावर बंद होत नाही. तो रात्रंदिवस चालूच असतो. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

चुंबकीय क्षेत्रातील प्रोटॉन भोवऱ्याप्रमाणे डुलत फिरतो. या डुलण्याची गती क्षेत्राच्या प्रबलतेवर अवलंबून असते. एका टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाखांहून थोडी अधिक आवर्तने, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ. दीड टेस्लाला ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे एफ.एम. रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली. नेमक्या याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की प्रोटॉन ती ऊर्जा ग्रहण करतात. सतारीवर मुख्य तार छेडताच त्याच स्वराला लावलेली तरफेची तार न छेडता निनादते, इतर तारा मात्र स्तब्ध राहतात. हाच अनुनाद.

लहर थांबली की प्रोटॉन मूळ स्थितीला परततात आणि परतताना क्षीण रेडिओसंकेत देतात. शरीराभोवती ठेवलेली वेटोळी तो संकेत टिपतात. हे परतणे दोन प्रकारांनी घडते. प्रोटॉनाने घेतलेली ऊर्जा सभोवतालच्या रेणूंना दिली जाते, त्यास लागणारा काळ म्हणजे टी-वन. दुसरे असे की, आरंभी सर्व प्रोटॉन एका तालात डुलत असतात. दिंडीतील टाळकऱ्यांचा ठेका हळूहळू मागेपुढे व्हावा, तसा त्यांचा मेळ परस्परांच्या प्रभावाने विस्कटतो, त्यास लागणारा काळ म्हणजे टी-टू. हे काळ प्रत्येक ऊतीत निराळे असतात. मेदाचा टी-वन सुमारे पाव सेकंद, तर मस्तिष्क-सुषुम्ना द्रवाचा सुमारे चार सेकंद. या फरकातूनच प्रतिमेतील काळे-पांढरे जन्माला येते.

संकेत शरीराच्या कोणत्या बिंदूतून आला, हे कळण्यासाठी मुख्य क्षेत्रावर उतरत्या-चढत्या प्रबलतेची दुय्यम क्षेत्रे टाकली जातात. जागा बदलली की वारंवारता बदलते, आणि वारंवारतेवरून संगणक जागा शोधतो. ही दुय्यम वेटोळी क्षणाक्षणाला चालू-बंद होत असल्याने थरथरतात. रुग्णाला घाबरविणारा ठोक्यांचा आवाज त्यांचाच असतो. तो शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे देतात.

फिल्म वाचण्यापूर्वी

वैद्यांनी एवढे तरी ओळखावे. टी-वन प्रतिमेत मेद शुभ्र व द्रव काळा दिसतो. टी-टू प्रतिमेत द्रव शुभ्र दिसतो. सुषुम्नेभोवतीचा द्रव पांढरा असेल तर ती टी-टू, काळा असेल तर बहुधा टी-वन. शोथ, अर्बुद, व्रण यांत जलांश वाढत असल्याने बहुतेक विकृती टी-टूमध्ये उजळतात. मेदाचा उजाळा दाबून टाकणाऱ्या स्टर प्रतिमेत अस्थीतील शोथ उठून दिसतो. फ्लेअर प्रतिमेत मेंदूतील मुक्त द्रवाचा उजाळा दाबलेला असतो. जलरेणूंची हालचाल मोजणारी डिफ्यूजन प्रतिमा मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्यावर अल्पावधीतच बाधित भाग दाखवू शकते. निरोगी मणक्याच्या गादीचा मध्यभाग जलयुक्त असल्याने टी-टूमध्ये उजळ असतो. वयोमानाने तो शुष्क होतो आणि काळवंडतो. रुग्ण ज्यास "गॅप" म्हणतो, ती प्रत्यक्षात फट नसून गादीची उंची कमी झालेली असते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात विद्यमान वस्तूदेखील प्रत्यक्षाने का दिसत नाही, याची कारणे दिली आहेत. त्यांत आवरण आहे, अतिसूक्ष्मता आहे, अभिभव आहे आणि समानाभिहारही आहे. या यंत्राने आवरणाची अडचण पुष्कळ अंशी दूर केली. अस्थीच्या आतील मज्जा आणि कवटीच्या आतील मस्तिष्क न कापता दिसू लागले. परंतु उरलेली कारणे संपलेली नाहीत. धातूच्या रोपणाभोवती संकेत विस्कटून शेजारची ऊती झाकली जाते, हा अभिभव. विकृत भागाचा संकेत शेजारच्या ऊतीसारखाच असल्यास तो मिसळून जातो, हा समानाभिहार. अशा वेळी गॅडोलिनियमयुक्त द्रव शिरेतून द्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेदना कोणत्याही प्रतिमेत दिसत नाही.

दिसते ते सारे व्याधी नव्हे

१९९४ साली "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कटिशूल नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. तपासण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांत, ५२ टक्क्यांत, किमान एका ठिकाणी गादीचा फुगवटा आढळला. २०१५ साली तीन हजारांवर लक्षणरहित व्यक्तींवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार वयाच्या पन्नाशीत सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्यांत झीज आणि ६० टक्क्यांच्या गाद्यांत फुगवटा असतो, आणि त्यांना कसलीही तक्रार नसते. विसाव्या वर्षीदेखील फुगवट्याचे प्रमाण ३० टक्के भरते. तात्पर्य, अहवालातील फुगवटा हे रुग्णाच्या वेदनेचे कारण असेलच असे नाही. वेदना ज्या पायात आहे त्याच बाजूच्या, त्याच नाडीमूलावर दाब दिसतो काय, पाय सरळ उचलल्यावर ती वेदना वाढते काय, त्याच प्रांतात बधिरता आहे काय, हे स्वहस्ते तपासल्यावाचून फिल्मला अर्थ प्राप्त होत नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही परंपरेने दिलेली शिदोरी येथे आधुनिक यंत्राहून कमी उपयोगाची नाही.

यातून आपल्यासाठी एक कटू सत्य निघते. आपल्या नियतकालिकांत आणि परिषदांत "चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर" अशा दोन फिल्म शेजारी ठेवून गृध्रसीतील यश मांडण्याची प्रथा आहे. परंतु बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. २०१५ सालच्याच दुसऱ्या एका आढाव्यात, शस्त्रकर्म न केलेल्या रुग्णांपैकी गादीचा तुकडा पूर्णपणे सुटलेल्यांत ९६ टक्के, तर गादी फाटून बाहेर आलेल्यांत ७० टक्के रुग्णांत ती कालांतराने लहान झाल्याचे नमूद आहे. म्हणजे जी गादी फिल्मवर अधिक भयंकर दिसते, तीच अधिक आक्रसते. अशा स्थितीत दुसऱ्या फिल्मवरील सुधारणा कटिबस्तीची, गुग्गुळ कल्पाची की निसर्गाची, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. आपल्या चिकित्सेने वेदना कमी झाली, रुग्ण चालू लागला, त्याचे शस्त्रकर्म टळले, हे यश थोडे नाही. ते दिनांकासह, वेदनेच्या मोजमापासह नोंदवावे. मात्र "गादी आत गेली" हे श्रेय घेताना संयम असावा. दोन फिल्मांची तुलना करावयाचीच असेल, तर छेद व प्रतिमेचा प्रकार सारखा असावा आणि वाचणाऱ्या तज्ज्ञाला चिकित्सा कोणती दिली हे ठाऊक नसावे.

केव्हा पाठवावे, केव्हा पाठवू नये

धोक्याची लक्षणे नसलेल्या नूतन कटिशूलात पहिल्या सहा आठवड्यांत एम.आर.आय. करण्याची सर्वसाधारणतः आवश्यकता नसते. रुग्णाचा खर्च होतो आणि अहवालातील शब्दांनी तो अधिकच खचतो.

याउलट काही प्रसंगी एक दिवसाचाही विलंब घातक ठरतो. मूत्र अडणे किंवा नकळत होणे, मलावरील ताबा जाणे, गुद व जननेंद्रियाभोवतीचा भाग बधिर होणे, पायाची शक्ती वेगाने कमी होणे, ही लक्षणे दिसताच बस्तीची सिद्धता थांबवून रुग्णाला त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे धाडावे. पक्षाघाताचा ताजा झटका आल्यास अभ्यंगाचा विचारही मनात आणू नये. रुग्णाला तत्काळ सुसज्ज रुग्णालयात न्यावे. तेथे रक्तस्राव आहे की नाही हे पाहण्यासाठी बहुधा प्रथम सी.टी. करतात, कारण ते जलद होते. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.

खुब्याच्या वेदनेत, विशेषतः स्टेरॉइड घेतलेल्या अथवा मद्यपी रुग्णात, क्ष-किरण चित्र निर्दोष असतानाही अस्थिशीर्षाचा रक्तपुरवठा खंडित झालेला असू शकतो. एम.आर.आय.मध्ये तो आरंभीच दिसतो, तेव्हाच काही करता येते. कामलेत मल तिळकुटासारखा श्वेत होत असेल, तर शाखाश्रित कामला असे निदान करून थांबू नये. मार्गावरोध कशाने झाला हे पाहणे आवश्यक आहे. प्रथम सोनोग्राफी करावी आणि गरज भासल्यास एम.आर.सी.पी. या प्रकारात शिरेतून औषध न देताही पित्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. अवरोध अश्मरीचा की अर्बुदाचा, यावर पुढील सर्व अवलंबून असते. फुप्फुसाचे विकार, मूत्राश्मरी आणि बहुतेक अस्थिभंग यांसाठी मात्र एम.आर.आय. हे पहिले साधन नव्हे.

येथे माझीच एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. पन्नाशीच्या आसपासचा एक शेतकरी पाठदुखीसाठी माझ्याकडे येत असे. मी कटिग्रह समजून दोन महिने स्नेहन-स्वेदन आणि योग्य वाटली ती औषधे दिली. मध्यंतरी थोडा उपशम झाला, त्यामुळे मी निर्धास्त राहिलो. एके दिवशी त्याची पत्नी सोबत आली आणि सहज म्हणाली, "सांजच्याला अंग कोमट लागतं ह्यांचं, आन् जेवण तर पार तुटलंय." हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. एम.आर.आय.मध्ये लगतचे दोन मणके व त्यांमधील गादी क्षयाने पोखरलेली आणि शेजारी पूयसंचय आढळला. क्षयाची औषधे सुरू झाली, आणि पायाची शक्ती जाण्यापूर्वीच ती सुरू झाली एवढेच भाग्य. यंत्र गावापासून तासाभराच्या अंतरावर होते. प्रश्न तर माझ्या जिभेवरच होता. सायंकाळचा ज्वर, भारक्षय, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, पूर्वीचे अर्बुद, यांविषयी विचारल्याखेरीज आता मी एकाही पाठदुखीच्या रुग्णाला औषध लिहून देत नाही.

पाठविण्यापूर्वी : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

चुंबक सदैव चालू असतो, हे वर सांगितले आहे. २००१ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात यंत्राकडे खेचल्या गेलेल्या प्राणवायूच्या नळकांड्याच्या आघाताने सहा वर्षांच्या बालकाचा अंत झाला. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन यंत्राच्या खोलीत गेलेल्या, रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. रुग्णासोबत जाणाऱ्यांनाही म्हणूनच सूचना हव्यात.

हृदयातील पेसमेकर, कानातील रोपण, मेंदूतील रक्तवाहिनीची जुनी क्लिप यांविषयी अवश्य विचारावे आणि कागदपत्रे सोबत द्यावीत. एम.आर.आय.ला अनुकूल असे पेसमेकरही उपलब्ध आहेत, परंतु तो निर्णय तज्ज्ञांचा. गुडघ्याचे कृत्रिम सांधे व बहुतेक स्टेंट सामान्यतः अडसर ठरत नाहीत, तरी त्यांची माहिती द्यावीच. लेथ अथवा वेल्डिंगचे काम केलेल्या रुग्णाच्या डोळ्यात कधी लोहकण गेला होता काय, हे आवर्जून विचारावे. सुश्रुतांनी जे शल्य वैद्याच्या इच्छेने ओढले, तेच येथे कोणाच्याही इच्छेविना हलते आणि दृष्टी जाऊ शकते. शंका असल्यास प्रथम डोळ्याचे क्ष-किरण चित्र काढतात.

मंगळसूत्र, जोडवी, तांब्याचे कडे, धातूचा ताईत, केसांतील पिना हे सर्व उतरवावे. तांबे ओढले जात नाही, परंतु ते तापू शकते. औषधविक्रेत्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्वचेवर चिकटविण्याच्या काही औषधी पट्ट्यांच्या पाठीमागे धातूचा पातळ थर असतो आणि त्यामुळे त्वचा भाजू शकते. अशी पट्टी घेणाऱ्या ग्राहकाला तपासणीपूर्वी वैद्यकीय सल्ल्याने ती काढण्यास सांगावे. तसेच पाठीसाठी व गुडघ्यासाठी विकले जाणारे चुंबकीय पट्टे अंगावर ठेवून कोणीही त्या खोलीत जाऊ नये.

वृक्कविकार असलेल्या रुग्णाची माहिती आधीच कळवावी. गॅडोलिनियमचा आणि त्वचा व अंतरवयव कठीण करणाऱ्या एका दुर्मिळ परंतु गंभीर विकाराचा संबंध २००६ साली ध्यानात आला. तो तीव्र वृक्कविकार असलेल्यांतच दिसून आला. नव्या प्रकारच्या द्रवांत धोका पुष्कळ कमी आहे. गर्भिणीत हा द्रव शक्यतो टाळतात.

बोगद्यात वीस ते पंचेचाळीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागते. अनेक रुग्ण गुदमरल्यासारखे होऊन अर्ध्यावर उठतात आणि पैसे वाया जातात. येथे आपण साहाय्य करू शकतो. दोन-तीन दिवस आधीपासून डोळे मिटून शवासन आणि संथ श्वसन यांचा सराव करून घ्यावा आणि आवाजाची पूर्वकल्पना द्यावी.

शेवटी चिठ्ठीविषयी. "एम.आर.आय. एल.एस. स्पाइन" एवढेच लिहून रुग्णाला पाठवू नये. वेदना कोणत्या पायात, किती दिवसांची, बधिरता कोठे, ज्वर आहे काय, आणि आपल्याला कोणती शंका आहे, हे चार ओळींत लिहावे. प्रतिमा वाचणारा तज्ज्ञ आपल्याच शब्दांच्या आधारे शोध घेत असतो. अहवाल आला की प्रथम रुग्णाला पुन्हा तपासावे आणि मगच लिफाफा उघडावा.